बर्फगाडीचे बुश

पहाटे नळाचं पाणी बोटांना चावायला लागलं आणि भाजीवालीच्या पाटीत मटारच्या शेंगा दिसू लागल्या, की आमच्या सातपूरच्या गल्लीत बशीरभाईंची वाट बघणं सुरू होतं. काश्मीरहून ते दर हिवाळ्यात नाशिकला येतात, जुन्या नाशकात खोली घेऊन राहतात आणि सायकलच्या कॅरियरवर शालींचं गाठोडं बांधून दारोदार फिरतात. पंचवीस वर्षं तरी झाली असतील. आईच्या कपाटातल्या सगळ्या शाली त्यांच्याकडच्या. यंदा ते आले ते दोन गाठोडी घेऊन. एक नेहमीचं, मऊ. दुसरं लहान, जुन्या लोकरी कापडात बांधलेलं, ओट्यावर टेकवलं तसं खणकन वाजलं. त्यात बर्फावर चालणाऱ्या चार गाड्यांच्या झिजलेल्या पिना आणि बुश होते, प्रत्येक जोडीला मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधलेली. ते गाठोडं माझं होतं. मी ते उचलून मागच्या शेडमध्ये नेलं, लेथशेजारच्या बाकावर सोडलं, आणि गार लोखंडाचा तो वास नाकात शिरताच चार वर्षांपूर्वीची थंडी समोर उभी राहिली.

त्या थंडीत आबांचं लेथ विकायचं ठरलं होतं.

आबा, म्हणजे माझे वडील, सायखेड्याचे. अठराव्या वर्षी गोदाकाठचं ते गाव सोडून नाशिकला आले आणि एका कारखान्यात टर्नर म्हणून लागले. लोखंडाचा तुकडा लेथवर फिरवायचा आणि हत्यारानं तासून हवा त्या मापाचा करायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्त झाले तेव्हा कारखान्यानं मोडीत काढलेलं एक लेथ त्यांनी घेतलं आणि घरामागं पत्र्याचं शेड टाकून त्यात बसवलं. दिंडोरी-निफाडकडचे बागायतदार द्राक्षांच्या फवारणीच्या पंपाचे भाग घेऊन यायचे, ट्रॅक्टरवाले पिना घेऊन यायचे. शेडमध्ये कायम तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास असे, आणि जमिनीवर निळसर झाक असलेल्या लोखंडी कुरळ्या पडलेल्या. लहानपणी मी त्या कुरळ्या गोळा करायची. मग त्यांच्या हातांना कंप सुटला. आधी चहाच्या कपात तो दिसला, नंतर कामात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण मापात काम करायचे दिवस संपल्याचंही सांगितलं. सिन्नरचा एक माणूस लेथ बघून गेला. संक्रांतीनंतर टेम्पो घेऊन येतो म्हणाला. आबांनी मान हलवली आणि त्या दिवसापासून शेडला कुलूप घातलं.

मीही तेव्हा घरीच होते. चौदा वर्षं एका कंपनीच्या तपासणी विभागात नोकरी केली होती. दुसऱ्यांनी बनवलेले भाग मोजायचे, मापात असतील तर पास करायचे, नसतील तर लाल खूण करून परत पाठवायचे. त्या दसऱ्याला कंपनीनं तो विभाग दुसऱ्या राज्यात हलवला आणि आम्हाला निरोप दिला. अडतिसाव्या वर्षी मी पुन्हा अर्ज करत होते. केसाच्या जाडीचा फरक मला डोळे मिटून कळायचा, पण लेथवर मी कधी उभी राहिले नव्हते. शाळेत असताना आबांनी माझ्या हातात व्हर्नियर दिलं होतं आणि आमची वाटणी ठरून गेली होती: तू मोज, मी करतो. ती वाटणी मोडायचा विचार दोघांच्याही मनात आला नव्हता.

अशा दिवसांत बशीरभाई आले. आईनं चहा ठेवला, नेहमीसारख्या दोन शाली उलगडून झाल्या, आणि मग त्यांनी बंडीच्या खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पिन आणि ती ज्यात फिरते ती छोटी नळी, एक फुटका बुश, काढून आबांपुढं ठेवला.

त्यांचा धाकटा भाऊ नझीर गुलमर्गला बर्फगाडी चालवतो, हे आम्हाला माहीत होतं. फोटोही पाहिले होते. मागं रबरी पट्टा फिरतो, पुढं चाकांच्या जागी दोन लांब, टोकाला वर वळलेल्या पट्ट्या असतात. त्या स्की. मोटरसायकलसारखं हँडल वळवलं की स्की वळतात आणि गाडी बर्फावरून तिकडं जाते. नझीरची गाडी जुनी, परदेशी बनावटीची. तिचे भाग आता कुठं मिळत नव्हते. आदल्या हिवाळ्यात तिच्या स्की ढिल्या झाल्या होत्या आणि हँडलमध्ये इतका प्ले आला होता, की हँडल चार बोटं फिरवलं तरी खाली काहीच हलत नसे. उतारावर एका प्रवासी बाईला घेऊन येताना गाडी आपल्या मनानं देवदाराकडं वळली. नझीरनं बाईला बर्फात ढकलून दिलं आणि स्वतः झाडावर आदळला. बाईला खरचटलंही नाही. त्याचं मनगट मोडलं. तिथल्या चालकांनी मिळून ठरवलं, की गाडी पूर्ण दुरुस्त करून दाखवल्याशिवाय नझीरनं रांगेत उभं राहायचं नाही. नवीन हंगामाआधी त्यांच्यातले सगळ्यात जुने चालक, त्यांना सगळे चाचा म्हणत, ते गाडी तपासणार होते. वर्षभराची भाकरी त्या अडीच महिन्यांच्या बर्फातून निघते, एवढंच बशीरभाई म्हणाले, आणि कप खाली ठेवून शाली घड्या घालायला लागले.

आबांनी पिन हातात घेतली. हात हलत होता, म्हणून त्यांनी कोपर मांडीवर टेकवलं आणि अंगठ्याचं नख पिनेवरून हळूहळू फिरवलं. एका जागी नख अडकलं. तिथं पिन एका बाजूनं खाल्ली गेली होती. बुशचं भोक तर अंड्यासारखं लांबट झालं होतं. त्यांनी किल्ली मागितली आणि महिनाभर बंद असलेलं शेड उघडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नझीरला व्हिडिओ कॉल लावला. आम्ही चौघं बाकाभोवती, आणि पडद्यावर तो, पांढऱ्या उजेडात, फेरनमध्ये, म्हणजे लांब काश्मिरी अंगरख्यात, हात आत घेतलेला. त्याची बायको फोन धरून होती. गाडीचं नाक लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवलं होतं. मी त्याला स्की हलवायला सांगितली. स्की हलली, लटलट आवाज झाला आणि मला सगळंच ढिलं दिसलं. कुठून सुरुवात करायची ते कळेना. मी पडद्यावर डोळे ताणून बघत होते. आबा माझ्या खांद्यामागून म्हणाले, "डोळ्यानं नाय कळायचं. त्याला बोट ठेवायला सांग. एक बाजू हलतीय आन् दुसरी थांबलीय, अशी जागा जिथं बोटाला लागंल, तिथं झीज हाय."

मग नझीरनं एकेका सांध्यावर बोट ठेवलं आणि त्याच्या मुलीनं हँडल हलवलं. हँडलच्या दांड्याखालचा सांधा: तिथं थोडं. हँडलपासून स्कीकडं जाणाऱ्या दांड्यांची टोकं, ज्यांना टाय रॉड म्हणतात: तिथं बरंच. स्की ज्या उभ्या खुंट्यावर फिरते त्याचे बुश: तिथं बोट नुसतं नाचत होतं. आणि स्की खुंट्याला जोडणाऱ्या पिनेचं भोक, तेही मोठं झालेलं. मी वहीत प्रत्येक जागा लिहून घेतली. हँडलची ती चार बोटं अशी तुकड्यातुकड्यांनी जमा झाली होती. कुठलाच तुकडा एकटा भयंकर नव्हता. माझ्या चौदा वर्षांच्या नोकरीत मी एकेक भाग वेगळा मोजला होता. ते सगळे मिळून माणसाला झाडावर नेऊन आदळतात, हे त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं.

टाय रॉडच्या टोकांसारखे गोळीचे सांधे अंबडच्या एका दुकानात मिळाले. पाकिटं भरायच्या मशीनला तसले लागतात. पण पिना आणि बुश करावेच लागणार होते. आबांनी लेथ चालू केलं, पिनेसाठी लोखंडाचा तुकडा चकात, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरला, हत्यार पुढं सरकवलं आणि थांबले. हत्यार लोखंडाला टेकायच्या आधीच थरथरत होतं. त्यांनी बटण दाबून लेथ बंद केलं. फिरता फिरता मंद होणारा तो तुकडा थांबेपर्यंत ते त्याच्याकडं बघत राहिले. मग बाजूला झाले आणि मला म्हणाले, "ओढणी काढून ठेव. केस बांध. उभी राहा हितं."

त्या डिसेंबरचे पुढचे दहा दिवस मला आजही तासातासानं आठवतात. सकाळी शेडचा पत्रा दवानं ओला असायचा. गंगापूर धरणाकडून येणारं धुकं दहा वाजेपर्यंत हटायचं नाही. मी स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत घट्ट दुमडायची आणि उभी राहायची. पहिली पिन मी इतकी तासली की ती सुईसारखी झाली. दुसरीवर हत्यार चिरकलं आणि नागमोडी रेघ उठली. आबा स्टुलावर बसून आवाज ऐकत. बघत नसत, ऐकत. आवाज जाड झाला की हत्याराला धार दे म्हणत, किणकिणला की वेग कमी कर म्हणत. लोखंड बरोबर कापलं जात असलं, की त्याचा एक सलग, तुपात पुरी सोडल्यासारखा आवाज येतो. चौथ्या दिवशी दुपारी तो आवाज माझ्या हातून पहिल्यांदा निघाला. कुरळी न तुटता हातभर लांब आली, धूर सोडत खाली पडली. आबांनी आईला हाक मारून सांगितलं, की आज जेवायला उशीर झाला तरी चालेल.

बुश मी नायलॉनचे केले, कारण मूळचेही तसलेच होते. ते करताना माझ्यातली तपासणीस जागी झाली. प्ले नको होता ना, मग अजिबात नको. पिन बुशमध्ये अशी बसवली, की हाताच्या दाबानं ती मऊ सरकत जाई आणि हलवून बघितलं तर काहीच जाणवत नसे. इतकं नेमकं काम कंपनीत कुणी माझ्यासमोर ठेवलं असतं, तर मी त्याला चहा पाजला असता. कापसात गुंडाळून, पार्सल करून पाठवलं. त्या संध्याकाळी मी आईबरोबर गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेले, घाटावर बसून गरम शेंगा खाल्ल्या. पाण्यावरून येणारा वारा गालांना लागत होता आणि मला वाटत होतं, आपल्याला काहीही करता येतं.

आठ दिवसांनी नझीरचा फोन आला. सगळे भाग बसले होते. पहिला बर्फही पडला होता. घरात बसवताना हँडल लोण्यासारखं वळत होतं, पण गाडी बाहेर रात्रभर बर्फात राहिली आणि सकाळी हँडल हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा करकरत वळलं, आणि वळलं ते तिथंच राहिलं. ढिल्या हँडलपेक्षा हे वाईट होतं. चाचांच्या तपासणीला बारा दिवस उरले होते. तो रागावला नव्हता, उलट आमचेच आभार मानत होता, आणि त्यामुळं मला जास्त लाज वाटली. मी फोन आबांच्या हातात देऊन शेडमधून बाहेर आले. आपण मोजणाऱ्या होतो, तेच बरं होतं, असं मनात आलं. अर्जांची यादी टेबलावर होती. मी ती घेऊन बसले.

थोड्या वेळानं आबा आले आणि शेजारी बसले. त्यांनी विचारलं, बुश कुठं मोजले होते. शेडमध्ये, दुपारी, मी म्हणाले. बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं. नायलॉन थंडीत आकसतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण माझ्या आयुष्यातली सगळी मापं नाशिकच्या उन्हाळी-हिवाळी हवेत घेतलेली. पाणी गोठेल अशा जागी आपलं काम जाऊन राहणार आहे, हे माझ्या हातांना माहीत नव्हतं. तो बुश बर्फात आकसून पिनेला आवळून बसला होता.

गल्लीच्या तोंडाशी कुसुममावशींची डेअरी आहे. त्यांच्या डीप फ्रीझरमध्ये तेव्हा सोललेल्या मटारच्या पिशव्या भरून ठेवलेल्या असत. मी त्यांना विचारलं, दोन तास एक वस्तू ठेवू का. काय आहे ते बघून त्या म्हणाल्या, खायचं नाही ना, मग ठेव कोपऱ्यात. मटार आणि पनीरच्या मध्ये माझा बुश आणि पिन. दोन तासांनी मी डेअरीच्या काउंटरवरच मायक्रोमीटर लावला. दूध घ्यायला आलेल्या बायका थांबून बघत होत्या. भोक लहान झालं होतं. किती, ते मी वहीत लिहिलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा मोजलं. पाच वेळा केलं. मावशींनी शेवटी मला बसायला क्रेट दिला आणि गिऱ्हाइकांना सांगू लागल्या, आमची रोहिणी काश्मीरच्या गाडीचं काम करतेय.

बुश पुन्हा केले. बाहेरून किंचित जाड, म्हणजे थंडीत आकसला तरी गाडीतल्या आपल्या खोबणीत घट्ट राहील. आतून किंचित सैल. नाशिकच्या दुपारी पिन त्यात थोडी डुगडुगायची. मला ते बघवत नव्हतं. माझ्याच हातानं मी प्ले ठेवत होते. पण फ्रीझरमधून काढल्यावर ती पिन मऊ सरकायची आणि जराही हलायची नाही. ते सरकणं बघून माझे डोळे भरून आले, आणि मायक्रोमीटरचे आकडे काही वेळ दिसेनात. बशीरभाईंचा एक नातेवाईक दुसऱ्या दिवशी गावी परतत होता. त्याच्या पिशवीतून बुश गेले. वाटेत घाटात रस्ता दोन दिवस बंद राहिला. ते दोन दिवस आबा बातम्या लावून बसले होते. हवामान आलं की आवाज वाढवायचे. पार्सल तपासणीच्या आदल्या दिवशी पोचलं. नझीरनं आबांनी सांगितल्याप्रमाणं हँडल सरळ बांधून ठेवलं, दोन्ही बाजूंनी दोरी ताणली आणि दोन्ही स्की त्या दोरीशी जुळेपर्यंत टाय रॉड पिळत राहिला. मग मुद्दाम गाडी उघड्यावर ठेवली.

तपासणीच्या सकाळी बशीरभाईंनी सायकल काढलीच नाही. आम्ही सगळे शेडमध्ये, फोन लेथच्या चकाला टेकवलेला. पडद्यावर चाचा आले. पांढरी दाढी, जाड हातमोजे. त्यांनी आधी हातमोजे काढले. गाडीचं नाक उचलायला लावलं आणि एक स्की दोन्ही हातांनी धरून आडवी हलवली, उभी हलवली, झटका दिला. आवाज नाही. दुसरी. आवाज नाही. मग नुसतं एक बोट हँडलच्या टोकावर ठेवून त्यांनी ते जरासं ढकललं, आणि खाली दोन्ही स्की जराशा वळल्या. त्यांनी पुन्हा ढकललं. पुन्हा वळल्या. मग त्यांनी नझीरला खाली उतरवलं, स्वतः गाडीवर बसले आणि चढावर निघून गेले. बराच वेळ पडद्यावर फक्त पांढरं आणि लांबून येणारा इंजिनाचा आवाज. आवाज मोठा झाला, आणि ज्या उतारावर नझीर घसरला होता त्याच उतारावरून गाडी खाली आली, देवदारांना वळसा घालत, डावीकडं, उजवीकडं, शाळेतल्या मुलीनं घोटून काढलेल्या अक्षरासारखी. चाचा उतरले, फोनजवळ आले आणि विचारलं, "किसने बनाया?"

बशीरभाईंनी फोन उचलून आबांपुढं धरला. आबांचा हात वर आला, नेहमीसारखा थरथरत, आणि त्यांनी फोन माझ्याकडं वळवला.

"मैंने नाय," ते म्हणाले. "मेरी बेटी ने."

पलीकडं नझीर गाडीच्या सीटवर डोकं टेकून बसला होता. त्याची बायको हसत होती आणि रडत होती. चाचांनी मला सलाम केला. मी तेलकट हात कपाळाशी नेला आणि तो डाग दिवसभर तसाच राहू दिला. आईनं शिरा केला, एक डबा कुसुममावशींना गेला. त्याच दुपारी आबांनी सिन्नरला फोन लावला. लेथ आता द्यायचं नाही, त्याच्यावर माणूस कामाला लागलाय, एवढंच त्यांनी सांगितलं. मी अर्जांची यादी बंबात घातली.

तेव्हापासून शेड माझं आहे. बागायतदारांचे पंप येतात, ट्रॅक्टरच्या पिना येतात. नायलॉनचं काम आलं की मी गिऱ्हाइकाला आधी विचारते, हा भाग कुठं राहणार, उन्हात की सावलीत. आबा स्टुलावर बसून आवाज ऐकतात. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं, तरी हत्याराची धार गेली की माझ्याआधी त्यांना कळतं.

गेल्या फेब्रुवारीत मी गुलमर्गला जाऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघितला. बर्फात पाय रुततो तेव्हा आवाज येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नझीरनं गाडी माझ्यासमोर आणून उभी केली, आपलं हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवलं आणि स्वतः मागं बसला. मी हँडल धरलं. इतकी वर्षं त्या सांध्यांना मी फक्त मापांतून ओळखत होते. हळूच डावीकडं वळवलं, आणि माझ्या पायांपुढं, दोन हातांवर, दोन्ही स्की त्याच क्षणी डावीकडं वळल्या. मी उजवीकडं वळवलं. त्या उजवीकडं वळल्या. मग मी अंगठ्यानं वेगाची कळ दाबली. गार वारा अंगावर आला, झाडं मागं पळू लागली, नझीर मागून हळू, हळू म्हणत होता, आणि मी त्या पांढऱ्या मैदानावर गाडी मनाला येईल तशी वळवत, हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं हसत सुटले होते.